सुरी खाली, पॉवर बँक वर

सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात चढत नाही. हातातल्या बॅगेतून नाही आणि काउंटरवर सोपवलेल्या मोठ्या बॅगेतूनही नाही. भाजी चिरायची सुरी मात्र मोठ्या बॅगेतून खुशाल जाते. मोबाइल चार्ज करायच्या पॉवर बँकेचे नेमके उलटे आहे. ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते.

माझी मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला निघाली होती. डिंकाच्या लाडवांचे सगळे साहित्य तिने घरून बांधून घेतले होते. डिंक, खारीक, गोडंबी आणि परसातल्या नारळांचे, स्वतः उन्हात वाळवलेले खोबरे. सुरक्षा तपासणीत वाट्या बाहेर निघाल्या. “माताजी, ये नहीं जाएगा,” एवढेच तो जवान म्हणाला. मागे रांग खोळंबली होती, समजावून सांगायला त्याला उसंत नव्हती. मावशीने वाट्या स्वतःच्या हाताने बाजूच्या पेटीत ठेवल्या. बेंगळुरूत खोबरे मिळते हे तिलाही ठाऊक होते. तिचा प्रश्न वेगळा होता: खोबऱ्याने विमानाचे काय बिघडते? प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर तिला कुणीतरी द्यायला हवे होते.

विमानात काय न्यावे आणि काय नेऊ नये, याची आपण एकच यादी समजतो. खरे तर याद्या दोन आहेत आणि त्या दोन वेगवेगळ्या भीतींतून तयार झाल्या आहेत. पहिली भीती माणसाची. ही वस्तू वाईट हेतूच्या हाती पडली तर काय होईल, असे ती यादी विचारते. भारतात ती नागरी विमान सुरक्षा ब्यूरो ठरवतो आणि मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफचे जवान तिची अंमलबजावणी करतात. दुसरी भीती वस्तूचीच. कुणाचाही वाईट हेतू नसताना ही वस्तू आपणहून पेटली, फुटली, गळली तर काय, असे ती यादी विचारते. तिचे मूळ आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या धोकादायक मालाविषयीच्या नियमांत आहे आणि आपल्याकडे तिच्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, देखरेख असते.

हे एकदा ध्यानात आले की पाठांतराची गरज उरत नाही. विमानाच्या पोटातल्या सामानखान्यात उड्डाणाच्या वेळी कुणाचाही हात पोहोचत नाही. सुरीच्या बाबतीत हीच गोष्ट सोयीची आहे, म्हणून सुरी खाली. पॉवर बँकेच्या बाबतीत हीच गोष्ट घातक आहे, कारण ती पेटली तर विझवायलाही कुणाचा हात पोहोचणार नाही. म्हणून ती वर.

आता मावशीचे खोबरे. वाळलेल्या खोबऱ्याला व्यापारात कोप्रा म्हणतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३. त्याचा वर्ग ४.२, म्हणजे बाहेरून ठिणगी न लागता पेटू शकणारे पदार्थ. खोबऱ्यात तेल भरपूर असते. त्या तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी सावकाश संयोग होत राहतो आणि त्यातून थोडी थोडी उष्णता निघते. डब्यातल्या चार वाट्यांची उष्णता कधीच हवेत विरून जाते, आपल्याला ती जाणवतही नाही. ढिगाच्या मध्यभागी मात्र ती अडकून राहते. त्यात खोबरे नीट वाळलेले नसेल तर ओलाव्यावर बुरशी वाढते आणि तिची उष्णता आणखी भर घालते. तापमान वाढले की संयोगाचा वेग वाढतो, वेग वाढला की तापमान वाढते. कोप्रा वाहून नेणाऱ्या जहाजांना आणि गोदामांना आगी लागतात त्या अशा. मावशीच्या पाच-सहा वाट्यांनी हे घडले असते का? बहुधा नसते. पण त्याच विमानात दुसऱ्या कुणाचे पाच किलो असते, तिसऱ्याचे दहा, तर ते कुणी मोजायचे? म्हणून नियमाने सरसकट नाही म्हटले आहे.

ओल्या नारळाची गोष्ट निराळी आहे. तो आपणहून पेटत नाही, पण एरवी त्याला हातातल्या बॅगेत परवानगी नसते, मोठ्या बॅगेतून न्यावा लागतो. शबरीमलाला जाणारे भाविक मात्र इरुमुडी डोक्यावर घेऊन प्रवास करतात, तिच्यात तूप भरलेला नारळ असतो आणि ती गाठोडी सामानात टाकायची वस्तू नव्हे. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरक्षा ब्यूरोने यात्रेच्या काळापुरती, २० जानेवारी २०२५ पर्यंत, एक्स-रे आणि हाताने तपासणी करून तो नारळ सोबत नेण्याची मुभा दिली. श्रद्धेचा मान राखून नियम कसा वाकवता येतो, याचे हे मला फार आवडलेले उदाहरण आहे. शीख प्रवाशांच्या कृपाणाचेही तसेच. देशांतर्गत उड्डाणात पाते ६ इंचांपर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंत असेल तर ते अंगावर बाळगता येते.

पूजेच्या पिशवीतला कापूरही दुसऱ्याच यादीत बसतो, कारण तो चटकन पेट घेणारा घन पदार्थ आहे. पारा त्या यादीत का आहे, हे समजायला विमान कशाचे बनते ते आठवावे लागते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पण चिवट थर असतो आणि तोच त्या धातूला गंजण्यापासून वाचवतो. सांडलेला पारा त्या थराच्या फटीतून आत शिरला की धातूत मिसळत जातो आणि त्याला पोखरतो. जुन्या पद्धतीचा रक्तदाबमापक सोबत नेणाऱ्या डॉक्टरांना अडवतात ते यासाठी. गोव्याची काजू फेणी मात्र या यादीच्या कसोटीला उतरते. मद्यार्काचे प्रमाण २४ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सीलबंद बाटल्यांतून माणशी ५ लिटरपर्यंत मद्य मोठ्या बॅगेत नेता येते. ७० टक्क्यांच्या वर ते मोठ्या बॅगेतही चालत नाही.

पॉवर बँकेकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण आज विमानात खरी धास्ती तिची आहे. लिथियम-आयन सेलमध्ये धन आणि ऋण अशा दोन बाजूंच्या मध्ये कागदाहून पातळ पडदा असतो. बॅटरी आपटली, चेपली, निकृष्ट घडणीची असली किंवा वाजवीपेक्षा जास्त चार्ज झाली की पडदा फाटतो. दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, त्या ठिकाणी प्रचंड उष्णता तयार होते, आतला ज्वलनशील द्रव पेट घेतो आणि शेजारचा सेल तापवतो. मग तो पेटतो, मग त्याच्या शेजारचा. ही साखळी एकदा सुरू झाली की ज्वाला विझवून भागत नाही, सेल थंड करावा लागतो. विमानाच्या पोटातल्या सामानखान्यात आग लागली तर हॅलॉन वायू सोडण्याची सोय असते. हॅलॉन ज्वाळा दाबतो, पण तापलेल्या बॅटरीतली साखळी तोडू शकत नाही. वर केबिनमध्ये धूर दिसताच कर्मचारी धावतात आणि ज्वाळा विझवल्यावर पाणी ओतत राहतात. खाली पाणी ओतायला कोणी नसते.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनला निघालेल्या यूपीएस कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. धुराने कॉकपिट इतके भरले की समोरची उपकरणे दिसेनात. वैमानिकांनी विमान दुबईकडे वळवले, पण ते कोसळले आणि दोघेही गेले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यावर बंदी आली. मग २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये उड्डाणाच्या तयारीत उभे असलेले एअर बुसानचे विमान आतून पेटले. सगळे प्रवासी बाहेर पडले, विमानाचे छत जळून गेले. आग डोक्यावरच्या कप्प्यात लागली होती आणि संशय पॉवर बँकेवर गेला. १ मार्चपासून कोरियाने तिथल्या विमानांत पॉवर बँक त्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. म्हणजे ‘वर’ या शब्दाचा अर्थही आता बदलतो आहे. वर, पण डोळ्यांसमोर, हाताशी.

किती मोठी पॉवर बँक चालते? मर्यादा वॅट-तासांत आहे आणि डब्यावर आकडा बहुधा मिलिॲम्पिअर-तासांत छापलेला असतो, त्यामुळे गोंधळ होतो. हिशोब सोपा आहे. छापलेल्या आकड्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-तास. १०० वॅट-तासांपर्यंत विचारण्याची गरज नसते, १०० ते १६० च्या दरम्यान कंपनीची परवानगी लागते आणि त्यावर कुठल्याच बॅगेत चालत नाही. आकडा पुसला गेला असेल तर जवान ती काढून घेऊ शकतो, म्हणून खरेदी करतानाच ठसठशीत छापलेली घ्यावी.

पहिली यादी, म्हणजे माणसाच्या भीतीची, इतिहासाच्या पुस्तकासारखी वाचता येते. तिच्यात खेळण्यातले पिस्तूल का आहे? लहान मुलांच्या हातून ते काढून घेताना पाहिले की वाईट वाटते. पण ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फोकर विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले, तेव्हा त्यांच्याकडचे पिस्तूल खोटे होते आणि हातबाँब लाकडी. प्रवासी सुखरूप सुटले, विमान लाहोरच्या धावपट्टीवर जाळून टाकण्यात आले. भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना बंदी केली आणि पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जायला त्यांना श्रीलंकेमार्गे वळसा घालावा लागू लागला, तेही १९७१ सालात. पिस्तूल खोटे आहे हे हवेत कोण तपासणार? खेळण्याची बंदी त्या असहायतेतून आली आहे.

१० सप्टेंबर १९७६ ला आणखी एक विमान पळवले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये विमान सुरक्षेचा वेगळा कक्ष स्थापन झाला. पुढे २३ जून १९८५ ला एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडजवळच्या समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली, त्यांतली बहुतेक भारतीय वंशाची कॅनेडियन कुटुंबे होती, सुट्टीत आजोळी निघालेली मुले होती. बाँब ज्या बॅगेत होता ती व्हँकूव्हरला सोपवणारा माणूस विमानात बसलाच नव्हता. बॅग आहे आणि तिचा मालक नाही, ही गोष्ट कुणीच तपासली नाही. आज गेट बंद व्हायच्या वेळी एखाद्याचे नाव पुन्हा पुन्हा पुकारतात आणि तो आला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात. आपला अर्धा तास जातो, प्रवासी कुरकुरतात. त्या वेळी मला कनिष्कची आठवण येते आणि कुरकुर करवत नाही. १ एप्रिल १९८७ ला तो सुरक्षा कक्ष स्वतंत्र ब्यूरो झाला, तो या दुर्घटनेनंतरच. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे आयसी ८१४ कंदाहारला नेले गेले आणि त्यानंतर, फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळ सीआयएसएफकडे सोपवले गेले.

बाकी घटना ओळखीच्या आहेत. ११ सप्टेंबर २००१ पर्यंत अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू हातात चालत असे. त्याच वर्षी २२ डिसेंबरला पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एकाने बुटात दडवलेले स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला आणि पुढे अनेक वर्षे अमेरिकेत लाखो माणसे रोज रांगेत बूट काढत राहिली. ती सक्ती २०२५ च्या जुलैत उठली. क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, हातोडी या वस्तू तर सरळच कळतात. तबलावादकाने मात्र लक्षात ठेवावे की तबल्याची हातोडीही हातोडीच असते. तबला हातात घेतला तरी ती मोठ्या बॅगेत टाकावी.

द्रवपदार्थांचा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि सर्वांत जास्त माणसे त्यातच अडकतात. डिसेंबर १९९४ मध्ये मनिलाहून टोकियोला जाणाऱ्या फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात एका आसनाखाली स्फोट झाला आणि एक प्रवासी ठार झाला. स्फोटक द्रवरूप होते आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून आत आले होते. इशारा मिळाला होता, पण नियम बदलले नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अटलांटिकपार जाणारी अनेक विमाने शीतपेयाच्या बाटल्यांतून नेलेल्या द्रव स्फोटकांनी पाडण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघड केला, तेव्हा मात्र एका रात्रीत सगळे बदलले. सुरुवातीला बाळाच्या दुधासारख्या निकडीच्या गोष्टी सोडून सगळेच द्रव बंद झाले. काही आठवड्यांत त्यातून आजचा नियम घडला. प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंत आणि सगळ्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील इतक्या.

इथे बाटलीचे माप धरतात, आतल्या पदार्थाचे धरत नाहीत. २०० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये तळाशी चमचाभर पेस्ट उरली असली तरी ती जाते. आणि द्रव म्हणजे फक्त पाणी नव्हे. जे ओतता येते, पसरते किंवा चमच्याला लपेटून निघते ते सगळे त्यात मोडते. मध, तूप, श्रीखंड, आमरस, तेलाचा तवंग असलेले लोणचे. परदेशी निघालेल्या मुलाला आई हातातल्या बॅगेत लोणच्याची बरणी देते, तेव्हा ती जवळ राहावी, फुटू नये म्हणून देते. तो जिव्हाळा मी समजू शकतो. पण ती बरणी घट्ट झाकण, वर प्लास्टिक, वर जुना टॉवेल अशी बांधून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवली तरच पोहोचते. बाळाचे दूध आणि लागणारी औषधे यांना सवलत असते, औषधांची चिठ्ठी मात्र सोबत हवी. आखाती देशात जाणार असाल तर एक वेगळीच गोष्ट लक्षात ठेवा. खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते. डिंकाच्या लाडवात ती असतेच, आणि चूक जिथे महागात पडते ती जागा आपला विमानतळ नसून तिथला असतो.

जवान बॅग उघडायला सांगतो तेव्हा पडद्यावर त्याला काय दिसत असते? एक्स-रे यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे किरण सोडते आणि कोणता पदार्थ किती शोषतो यावरून रंग देते. धातू निळे दिसतात. कापड, कागद, साबण, अन्न असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. मधले हिरवे. अडचण अशी की बहुतेक स्फोटकेही सेंद्रियच असतात. गच्च भरलेला बेसनाच्या लाडवांचा डबा म्हणूनच थांबवला जातो. त्या नारिंगी गोळ्याकडे पाहून तो लाडूच आहे हे ठरवायला जवानाला काही सेकंद मिळतात. लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला लावतात, कारण त्याच्या दाट सावलीखाली काहीही झाकले जाऊ शकते. नवी सीटी यंत्रे रुग्णालयातल्या स्कॅनसारखी बॅगेच्या भोवती फिरून चित्रे घेतात आणि पडद्यावर बॅग फिरवून पाहता येते. अशी यंत्रे बसल्यावर ब्रिटनमध्ये एडिंबरा आणि बर्मिंगहॅम विमानतळांनी २०२५ च्या जुलैत २ लिटरपर्यंतच्या बाटल्या चालतील असे जाहीर केले. पण परतीच्या विमानतळावर जुने यंत्र असेल तर तिथे १०० मिलिलिटरच, हे विसरू नये.

वजनाच्या नियमाला इतका रंगतदार इतिहास नाही. आपल्याकडे देशांतर्गत उड्डाणात साध्या वर्गासाठी एक बॅग, ७ किलो, आणि लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटिमीटर हे माप बहुतेक कंपन्या धरतात. १८० प्रवाशांचे ७ किलो म्हणजे सव्वा टनाहून जास्त वजन. मोठ्या बॅगा तोलून, ठरल्या जागी लावल्या जातात आणि विमानाचा तोल त्या हिशोबाने साधतात. हातातल्या सामानाचे वजन प्रवाशाच्या वजनात सरासरीने धरलेले असते. प्रत्येकाने तीन-चार किलो लपवून आणले तर तो हिशोब चुकतो. शिवाय बारा किलोची बॅग डोक्यावरच्या कप्प्यातून निसटून कुणाच्या डोक्यात पडली तर काय होते, हे सांगायला नको.

आणि कधी कधी ती बॅग तिथेच सोडून द्यावी लागते. नव्या विमानाला परवाना मिळण्याआधी, निम्मीच दारे वापरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडतात हे दाखवावे लागते. त्या ९० सेकंदांत बॅग काढायला वेळ धरलेला नाही. ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून दुबईला पोहोचलेले एमिरेट्सचे विमान धावपट्टीवर आपटून पेटले, तेव्हा आतल्या चित्रफितीत माणसे कप्पे उघडून बॅगा शोधताना दिसली. विमानातले सर्व ३०० जण वाचले, आग विझवणारा एक जवान गेला. त्या बॅगांमध्ये काय असेल याची कल्पना आपण करू शकतो. वर्षाची कमाई, लेकीचे दागिने, पासपोर्ट. तो मोह दगडाचे काळीज करूनच आवरता येतो. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानातली ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडली होती, कर्मचारी कर्ण्यावरून ओरडून सांगत होते आणि आठपैकी तीनच दारे वापरता आली. तरीही सर्व ३७९ माणसे बाहेर आली. बॅगा आत राहिल्या आणि विमानासोबत जळाल्या.

मावशीला मी खोबऱ्याची गोष्ट फोनवर सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “एवढेच ना, मग तेव्हाच का नाही सांगितले कुणी?” आता ती खोबरे नेत नाही. लेकीकडे जाताना गळ्यात कापडाची एक छोटी पिशवी अडकवते. तिच्यात आधार कार्ड, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, वाचायचा चष्मा आणि लेकीचा फोन नंबर लिहिलेला कागद असतो. बॅग वरच्या कप्प्यात गेली की ती पट्टा आवळून घेते आणि आपल्या रांगेपासून दारापर्यंत किती खुर्च्या आहेत ते मोजते.